आयपीएलच्या क्लिप्स सोडा, गावच्या सामन्याची मालकी मिळवा

ऐरोलीच्या तिघा मित्रांचा प्रश्न थोडक्यात असा: इन्स्टाग्रामवर क्रिकेटचं पेज आहे, फॉलोअर बऱ्यापैकी आहेत, पण मोठ्या सामन्यांच्या क्लिप्स टाकल्या की कॉपीराइटचा दणका बसतो. आता तेरा ते चोवीस वयाच्या मुलामुलींसाठी डिजिटल क्रीडा माध्यम कंपनी काढायची आहे. सुरुवात कुठून करायची, पैसा कुठून येतो, गुंतवणूकदार शोधायचा का आणि नोकऱ्या कधी सोडायच्या?

मी ठाणे-नवी मुंबईच्या मैदानांवरून थेट प्रक्षेपणाचं काम बरीच वर्षं करतोय. त्यामुळे उत्तरही याच मातीतलं असेल.

आधी क्लिप्सचं निकालात काढू. जून २०२२ च्या लिलावात आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे भारतातले मुख्य डिजिटल हक्क २०,५०० कोटींना गेले, म्हणजे सामन्यामागे ५० कोटी. एवढे पैसे मोजलेला माणूस तुमची पंधरा सेकंदांची रील का सोडेल? व्हिडिओ उलटा फिरवणं, कडेला फ्रेम लावणं, वर स्वतःचा आवाज चढवणं, हे सगळे उपाय काही दिवस चालतात आणि एका सकाळी पेज गायब होतं. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरचे इशारे, बसल्या की चॅनेलच बंद होऊ शकतं. कायद्यात चालू घडामोडींच्या वार्तांकनाला थोडी सवलत आहे, हे खरं. पण ती न्यायालयात मांडायची बाजू आहे, यूट्यूबचं यंत्र ती ऐकून घेत नाही. मोठ्या सामन्यांवर बोला, फलकावर आकृत्या काढून समजवा, थट्टामस्करी करा. धावसंख्या सांगायला आणि मत मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त त्यावर कंपनी उभी राहील असं समजू नका, कारण तेच काम हजारो पोरं करतायत.

कंपनी उभी राहते ती ज्या खेळाचे हक्क अजून कुणी विकत घेतलेले नाहीत त्यावर. अमेरिकेत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ओव्हरटाइम या क्रीडा माध्यम कंपनीने हेच केलं. एनबीए या तिथल्या बड्या बास्केटबॉल लीगच्या वाटेला न जाता त्यांनी शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांना मोबाइल देऊन माणसं पाठवली. तिथली पोरं त्यांच्या पेजवरून ओळखीची झाली आणि २०२१ मध्ये कंपनीने ओव्हरटाइम एलिट ही स्वतःची लीग काढली. क्रम बघा: आधी दुर्लक्षित सामने, मग ओळखीचे चेहरे, मग स्वतःची स्पर्धा. आपल्याकडे बहुतेक जण लीगपासून सुरुवात करतात, टी-शर्टपण आधी छापतात.

आपल्या भागात शाळेच्या बास्केटबॉलला गर्दी नाही, पण टेनिस क्रिकेट, म्हणजे टेनिसच्या चेंडूने खेळायचं क्रिकेट, आहे. दिवाळी उरकली की घणसोली, कोपरखैरणे, उलवे, उरण, पनवेल, इकडे कळवा-खारेगाव, बाळकूम, कोलशेत, जिथे मोकळं मैदान तिथे चषक लागतो. फ्लडलाइट, मंडप, मालिकावीराला बाइक, आगरी ढंगाची कॉमेंट्री आणि रात्री दोनपर्यंत न हलणारे प्रेक्षक. बाहेरच्यांना याचा पत्ता उशिरा लागला. आयएसपीएल ही टेनिस बॉलची लीग आली तेव्हा २०२४ आणि २०२५ चे पहिले दोन हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवरच झाले.

तुम्ही म्हणाल, टेनिस क्रिकेट लाइव्ह दाखवणारी चॅनेल आधीच ढिगाने आहेत. आहेत. ती त्या दिवसाचं प्रक्षेपण विकतात आणि खेळ संपला की सामान गुंडाळून निघतात. मागे उरतो तो नऊ तासांचा एक व्हिडिओ. त्यातली रविवारच्या उपांत्य सामन्यातली शेवटची ओव्हर ज्याने टाकली, त्यालासुद्धा ती सापडत नाही. तुमची जागा तिथे आहे. सामना संपल्यावर जे करायला कुणी थांबत नाही, ते तुम्ही करायचं: प्रत्येक खेळाडूच्या नावावर त्याचं चित्रीकरण लावून ठेवायचं आणि ते तुमच्या मालकीचं ठेवायचं.

मालकीचा मुद्दा सविस्तर सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचा पाय घसरतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की, मोबदला देऊन कुणी तुमच्याकडून चित्रफीत किंवा फोटो करून घेतले आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालक करून घेणारा असतो. कॅमेरा तुमचा, घाम तुमचा, पण पैसे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने दिले म्हणून चित्रीकरण मंडळाचं. पुढे त्यातला एखादा पोरगा मोठा झाला, एखाद्या वाहिनीला त्याचे जुने षटकार हवे झाले, तर सौदा मंडळ करेल. चित्रपटांसारखीच अशा चित्रीकरणाची कॉपीराइट मुदत ६० वर्षांची असते, तेव्हा हे किरकोळ प्रकरण नाही.

उपाय एका पानाचा आहे. मराठीत, साध्या वाक्यांत लिहिलेला करार. चित्रीकरणाचा कॉपीराइट आमच्याकडे राहील, मंडळाला संपूर्ण प्रत मिळेल आणि ते ती आपल्या पेजवर कायम वापरू शकतील, प्रायोजकांची नावं पडद्यावरच्या पट्टीवर अमुक इतका वेळ दिसतील, पाऊस पडला तर काय, आगाऊ रक्कम किती, बाकीची कधी. मंडळ नोंदणीकृत असेल तर सचिवाची सही आणि शिक्का, नसेल तर मैदानाची परवानगी ज्याच्या नावावर आहे त्याची सही. हा कागद अंतिम सामन्याच्या दिवशी पुढे करू नका, तेव्हा कुणाला वाचायला वेळ नसतो आणि सगळ्यांना संशय यायला भरपूर असतो. बॅनर छापायला जायच्या आधी, चहावर बसून करा. ‘प्रत तुम्हालाच देतोय’ हे ऐकल्यावर नाही म्हणणारा आयोजक मला क्वचितच भेटला.

चषकांची नावं बहुतेक आमदार, नगरसेवक किंवा इच्छुकांची असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पैसा त्यांच्याकडून येतो, पण चौकार गेल्यावर चेंडूऐवजी साहेबांचा चेहरा दाखवायचा आग्रहही तिथूनच येतो. पट्टीवर नाव द्या, डावांच्या मधे सत्कार दाखवा, पण खेळ चालू असताना कॅमेरा चेंडूवर राहील, ही ओळ करारात घाला. आणि निवडणूक झाल्यावर उधारी वसूल होत नाही, तेव्हा अर्धी रक्कम आधी.

आता मैदानावरचं. कॅमेरे किती भारी घ्यावेत यावर तुम्ही तिघे वाद घालत असाल, तर तो थांबवा. साइटस्क्रीनच्या मागे मजबूत मचाण बांधून एक कॅमेरा, बाजूला एक, ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर चालवणारा लॅपटॉप, स्कोअरची पट्टी आणि दोन माइक, एवढ्यावर पहिला हंगाम निघतो. खरं दुखणं इंटरनेटचं. दुपारी मैदान रिकामं असताना मोबाइलवर स्पीड झकास दाखवतो, संध्याकाळी दोन हजार माणसं त्याच टॉवरवर आली की प्रक्षेपण अडखळतं. म्हणून जवळच्या घरातून किंवा दुकानातून केबलवाल्याची ब्रॉडबँड लाइन ओढून घ्या आणि मोबाइल डेटा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, फक्त आधाराला ठेवा. ७२० पी प्रक्षेपणाला साधारण ४ एमबीपीएस अपलोड लागतो. तो सर्वाधिक किती येतो ते बघू नका, सतत किती टिकतो ते रात्री आठ वाजता तपासा. वीज मंडपाच्या जनरेटरवरून घेतलीत तर मधे यूपीएस हवाच, कारण डिझेल भरायला जनरेटर बंद करणारा माणूस तुम्हाला विचारत नाही.

यानंतर डीजे. प्रत्येक विकेटनंतर सिनेमाचं गाणं वाजतं, ते तुमच्या माइकमध्ये शिरतं आणि यूट्यूबची कंटेंट आयडी ही कॉपीराइट पकडणारी यंत्रणा ते ओळखते. मग व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळते, कधी चालू प्रक्षेपणच थांबतं. डीजेला बंद कर म्हणालात तर आयोजकच तुमच्यावर खवळेल. त्याऐवजी कॉमेंट्रीच्या माइकची तार गाण्यांच्या मिक्सरमध्ये मिसळण्याआधीच वेगळी काढून थेट लॅपटॉपला जोडा आणि मैदानाचा आवाज टिपणारा माइक डीजेच्या खोक्यांपासून लांब, खेळपट्टीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. थोडं गाणं तरीही गळतं, पण क्लिप्स वाचतात.

क्लिप कशी असावी? पहिल्याच क्षणाला बॅटचा आवाज. आधी फिरणारा लोगो वगैरे काही नाही, तोवर अंगठा पुढे सरकलेला असतो. चित्र उभं, खेळाडूचं नाव आणि गाव वरच्या भागात, कारण खाली बटणं असतात. मजकूर पडद्यावर हवाच, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून आवाज बंद करून बघणारे तुमचे निम्मे प्रेक्षक आहेत असं धरून चाला. आणि वेळ सगळ्यात महत्त्वाची. ज्याने षटकार मारला तो अजून मैदानावरच असताना क्लिप त्याच्या फोनवर पोहोचली, तर तो ती स्टेटसला ठेवतो, त्याचा संघ ठेवतो, गाव ठेवतं. दुसऱ्या दिवशी पाठवलीत तर ‘थँक्यू दादा’ येतं, बस.

नावांसाठी एक माणूस वेगळा नेमा. चेष्टा नाही. टेनिस क्रिकेटमध्ये एकच पोरगा एका हंगामात चार मालकांकडून खेळतो, एका स्कोअरशीटवर त्याचं खरं नाव असतं, दुसरीवर ‘बंटी घणसोली’ आणि तिसरीवर नुसता ‘बंटी’. नोंदणीच्या टेबलावरच प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, टोपणनाव आणि फोटो घ्या, त्याला तुमचा एक क्रमांक द्या, प्रत्येक क्लिपला तो जोडा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणूनच कुणी करत नाही. दोन हंगामांनी तुमच्याकडे जो साठा तयार होतो, तो नव्या कॅमेऱ्यांसह आलेल्या प्रतिस्पर्ध्याला पैसे टाकून मिळत नाही.

तेरा ते चोवीस हा एक गट नाही, याची जाणीव ठेवा. तेरा-चौदाचा मुलगा स्वतःला, वर्गमित्राला आणि शेजारच्या शाळेला बघतो. वीस वर्षांचा गावातल्या हिरोला बघतो आणि कमेंटमध्ये समोरच्या गावाची उतरवतो. पहिल्यासाठी शालेय स्पर्धा, जिल्हा क्रीडा कार्यालयाचे सामने, अकादमीच्या लीग, दुसऱ्यासाठी चषक. भाषेचंही तसंच. गावठाणातली कॉमेंट्री आगरी मराठीतच झाली पाहिजे, ती छापील मराठीत केलीत तर नाटकी वाटेल. खारघर किंवा घोडबंदरच्या सोसायट्यांतली पोरं हिंदी मिसळून बोलतात, त्यांच्या फुटबॉल टर्फचे व्हिडिओ तसेच जाऊ द्या. सगळीकडे एकच सूर लावायचा हट्ट जाहिरात एजन्सीवाले धरतात, तुम्ही धरू नका.

मुलींच्या खेळाबद्दल जरा ठासून सांगतो. नेरूळच्या डीवाय पाटील स्टेडियमवर फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचा अंतिम सामना झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला महिलांच्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकाचा, ज्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. त्याच्या तीन दिवस आधी जेमिमा रॉड्रिग्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढल्या त्याही इथेच. चार वर्षांच्या आत एका स्टेडियमवर महिलांचे तीन मोठे अंतिम सामने, आणि त्याच शहरातल्या मुलींच्या कबड्डी, खो-खो, क्रिकेटच्या सामन्यांना मात्र कॅमेरा शोधून सापडत नाही. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, त्यात पुरुष आणि महिला दोन्ही भारतीय संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे. पण शाळांच्या खो-खोची नीट कापलेली क्लिप शोधून बघा. टेनिस क्रिकेटमध्ये तुम्ही विसाव्या क्रमांकाचं चॅनेल असाल, मुलींच्या खेळात पहिलं असाल. शिवाय इथे पालक बघतात, आणि पालकांपर्यंत पोहोचायला दुकानदार पैसे देतो.

अठरा वर्षांखालची मुलं आली की कायदा येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. त्यांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, त्यांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे, आणि मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. तेव्हा पहिल्या दिवसापासून नोंदणीच्या फॉर्मवर पालकांची सही घ्या. शाळेच्या सामन्यात मुख्याध्यापकांचं पत्र वेगळं. मुलाचं नाव आणि शाळा लिहायला हरकत नसेल तर लिहा, पण तो रोज कुठल्या वेळी कुठल्या टर्फवर सराव करतो हे कॅप्शनमध्ये नको. मुलींच्या व्हिडिओंवरच्या कमेंट्स आधी तपासून सोडा. तो त्रास वाटत असेल तर कमेंट्स बंद ठेवा, पोहोच थोडी घटेल, घटू दे.

पैशाकडे येऊ. यूट्यूबच्या पूर्ण जाहिरात कमाईसाठी एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. नऊ तासांच्या प्रक्षेपणांनी तास लवकर भरतात. पण लांब व्हिडिओच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा हातात आला तरी त्यातून ऑफिसचं भाडं निघत नाही, शॉर्ट्समधून तर वडापावचेच निघतात. तुमचा धंदा मैदानावरच्या चार गिऱ्हाइकांवर चालणार: प्रक्षेपणाचे पैसे देणारा आयोजक, पट्टीवर नाव हवं असलेला बाइक शोरूमवाला किंवा सराफ, वर्षभराचे व्हिडिओ हवे असलेली अकादमी, आणि मुलाच्या हंगामाची दोन मिनिटांची फीत हवी असलेला पालक. शेवटच्या गिऱ्हाइकाला लोक हसतात, पण निवड चाचणीला जाताना प्रशिक्षकाला दाखवायला फीत हवी असते आणि त्याचे पैसे रोख मिळतात.

जून ते सप्टेंबर हा काळ खिशाला भोक पाडतो. टेनिस क्रिकेट बंद, मैदानात चिखल. तेव्हा बॅडमिंटन, कबड्डीचे हॉलमधले सामने, टर्फ फुटबॉल, शालेय स्पर्धा आणि गोविंदा पथकांचा सराव. राज्य सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, आणि ठाण्याची दहीहंडी बघायला सगळं राज्य डोळे लावून बसतं. हंडीच्या दिवशी तिथे वाहिन्यांच्या क्रेन असतात, तुम्हाला जागा मिळणार नाही. त्याआधीचे दोन महिने रात्री सराव करणाऱ्या पथकाकडे मात्र कुणी फिरकत नाही. सर्वात वरच्या थरावर चढणारा लहान मुलगा दिसला तर मघाचा संमतीचा नियम आहेच, शिवाय त्याच्या वयाबाबतचे न्यायालयाचे आणि सरकारचे नियम पथक पाळतंय का हे बघितल्याशिवाय व्हिडिओ टाकू नका.

एका पैशापासून मात्र लांब राहा. पूर्वी क्रीडा पेजांचा मोठा आधार पैसे लावून खेळायच्या फँटसी अॅपच्या जाहिराती हा होता. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने असे खेळ आणि त्यांची जाहिरात दोन्ही बंद केलं, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हन या फँटसी कंपनीचं नाव त्यानंतरच गेलं. आता तुमच्याकडे ‘स्कोअर अॅप’ किंवा ‘न्यूज साइट’ म्हणून परदेशी नंबरवरून मेसेज येतील, दर बाजाराच्या दुप्पट असेल. तो सट्टा असतो. काही जण जाहिरात न मागता नुसतं प्रक्षेपण मागतात, पट्टीशिवाय आणि विलंब न ठेवता. तेही तेच. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात शेतमजुरांना जर्सी घालून बनावट आयपीएल खेळवली गेली आणि यूट्यूबवर ती दाखवून रशियातल्या लोकांकडून सट्टा घेतला गेला. पोलीस आले की कॅमेरेवालेही चौकशीतून सुटत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

कंपनीची कागदपत्रं सीए करून देईल, त्यात फार डोकं घालू नका. सुरुवातीला भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) पुरते, सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी. नावाचा ट्रेडमार्क वर्ग ४१ (मनोरंजन आणि क्रीडा सेवा) मध्ये आताच टाका, छोट्यांसाठी ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये आहे. पण तिघांमधला करार मात्र स्वतः बसून लिहा: चॅनेलचा ईमेल आणि पासवर्ड कंपनीच्या नावावर, एकाच्या वैयक्तिक जीमेलवर नाही, एखादा बाहेर पडला तर त्याचा वाटा कसा मोजायचा, कॅमेरा कुणी आणला आणि तो भांडवल आहे की उसना. मैत्री घट्ट असताना हे लिहायला संकोच वाटतो, म्हणून बहुतेक जण लिहीत नाहीत आणि पुढे पासवर्डवरून भांडतात.

गुंतवणूकदार आता नको. त्याला दाखवायला तुमच्याकडे फॉलोअर सोडून काही नाही, आणि तो पैशाबरोबर देशभर पसरायची घाई आणेल. एका हंगामाचे सही केलेले करार, नावानिशी लावलेला साठा आणि दुसऱ्या वर्षी परत आलेले आयोजक दाखवता आले की बोला. परदेशी पैसा येणार असेल तर बातम्या आणि चालू घडामोडी देणाऱ्या डिजिटल माध्यमांना २६ टक्क्यांची मर्यादा आहे, तुमचं काम त्यात बसतं का हे आधी सीएला विचारून घ्या.

नोकऱ्या तिघांनी एकदम सोडू नका. चषक शनिवार-रविवारी आणि रात्री असतात, पहिला हंगाम नोकरी सांभाळून निघतो. आयोजकांच्या आगाऊ रकमा पावसाळ्याच्या चार महिन्यांचा खर्च भागवतील एवढ्या जमल्या, की नावांचा साठा सांभाळणाऱ्याने आधी सोडावी. कॅमेरेवाला दिवसाच्या बोलीवर मिळतो, कॉमेंटेटर तर गावागावात आहेत. दिवाळीनंतरच्या तारखा गणपतीतच ठरायला लागतात, मंडळांकडे तेव्हाच जा.